फोटोतून काढलेली बाभळ

गेल्या चार महिन्यांत मला सात-आठ फोन आले आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "आमच्या फोटूतनं तुमी काय काय काढलंय?" एकानं तर खडसावूनच विचारलं. मी म्हणालो, "विजेचे दोन डांब आणि एक प्लॅस्टिकची पिशवी." तो म्हणाला, "नक्की?" मी नक्की म्हणालो आणि फोन ठेवल्यावर मलाच शंका आली. हे सगळं कसं सुरू झालं ते पुढे येईलच.

या अंकाच्या संपादकांनी मात्र निराळंच मागितलंय. निसर्गचित्रं काढण्यामागची तुमची प्रेरणा काय, त्यावर लिहा म्हणाले. मी हो म्हणून बसलो आणि तीन आठवडे कागद कोराच राहिला. सहा महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर एका बैठकीत लिहून दिलं असतं, वर एखादा मुद्दा जास्तच. आता काय लिहावं ते खरंच कळत नाही. म्हणून जे झालं तेच सांगतो. त्यातून प्रेरणा निघाली तर वाचकांनी काढून घ्यावी.

मलकापुरात हायवेच्या कडेला माझा फोटो स्टुडिओ आहे. तीस-बत्तीस वर्षं लग्नं, बारशी आणि शाळेची ओळखपत्रं केली. पोट त्यावर भरलं. पण स्टुडिओच्या गच्चीवरून आगाशिवचा डोंगर दिसतो आणि पहिल्या दिवसापासून मी त्याचे फोटो काढत आलोय. सकाळचे, दुपारचे, ढगातले, नुसत्या उन्हातले. का काढतो, ते तेव्हाही सांगता यायचं नाही. माझी बायको सुनंदा चहा घेऊन वर यायची आणि म्हणायची, "आवं, डोंगर कुठं पळून चाललाय का?" मी म्हणायचो, उजेड पळतोय. हे उत्तर मला फार आवडायचं. पुढे पुढे तिनं विचारणं सोडून दिलं आणि चहा खालीच ठेवायला लागली.

एक मात्र होतं. लग्नात दिवसभर माणसांना हसा, हसा म्हणायचं. मान वाकडी करा, पदर सारखा करा, मामा जरा मागे सरका. डोंगराला यातलं काही सांगावं लागत नाही. तो तुमच्याकडे बघतही नाही. त्यामुळे मला तिथं बरं वाटायचं.

मग प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओत पासपोर्ट फोटोपुरती माणसं यायला लागली. त्याच सुमाराला आमच्या भागात ऊसवाल्यांचे नवे बंगले उठत होते. प्रत्येकाच्या हॉलमध्ये भिंतभर परदेशी देखावा चिकटवलेला. ज्यानं महाबळेश्वरापलीकडची थंडी बघितली नाही त्याच्या सोफ्यामागं बर्फाचे डोंगर आणि तळ्यात बदकं. एका घरी वास्तुशांतीचे फोटो काढताना मी मालकाला विचारलं, बर्फ कशाला, तुमचंच रान का लावत नाही? आमच्याकडं शेताला रान म्हणतात. त्याला ते पटलं. तिथून माझा नवा धंदा सुरू झाला. स्टुडिओवर पाटी लावली, "तुमचं रान, तुमच्या भिंतीवर." खाली बारीक अक्षरात, "जसं आहे तसं."

आता बाहेरच्या वाचकांना यातली गोम सांगतो. उसाच्या रानाचा फोटो वर्षातला बराच काळ काढताच येत नाही. ऊस दोन पुरुष उंच वाढतो. रानात उभं राहिलं तर हिरव्या पात्यांशिवाय काही दिसत नाही. स्वतःच्या रानात स्वतःचा बांध दिसत नाही. तोड झाली की रान एकदम उघडं पडतं, विहीर दिसते, बांध दिसतो, लांबचा डोंगर दिसतो. त्याच बुडख्यांतून पुन्हा फुटणारा ऊस, म्हणजे खोडवा, वर यायच्या आत, तेवढ्या दिवसांत आपलं काम उरकायचं. मी आधी दोन-तीन चकरा मारायचो, कॅमेरा न घेता. कुठं उभं राहायचं हे पायांनीच ठरवावं लागतं. मग सकाळी कोवळ्या उन्हात कॅमेऱ्याची तिवई लावायची आणि वाट बघायची. शेजारच्या रानात तोडीनंतरचं वाळल्या पाल्याचं पाचट पेटवलं असलं तर त्याचा निळसर धूर डोंगराच्या पायथ्याशी पसरतो. पुण्याच्या एका प्रदर्शनात एका जाणकारानं माझ्या फोटोतल्या धुक्याची पाच मिनिटं तारीफ केली. मी मान डोलवत ऐकून घेतली. पाचटाचा धूर आहे हे सांगायला जीभ रेटली नाही.

आणि दुसरी गोम म्हणजे सफाई. नवरीच्या गालावरची पुटकुळी कॉम्प्युटरवर पुसायची सवय हाताला लागलेलीच होती. तीच डोंगराला लागली. विजेचे डांब, तारा, खताची फाटकी पोती, वाकडी पाइपलाइन, सगळं पुसायचं. पुसलेल्या जागी शेजारचाच तुकडा उचलून ठिगळासारखा लावायचा. चांगला लावला तर ब्रह्मदेवाला कळत नाही. पाटीवरच्या "जसं आहे तसं"चं काय, असा प्रश्न मला कधीच पडला नाही. नवरीला तरी कुठं पडतो?

सांगलीकडं जिनगोंडा अण्णा म्हणून माझे एक गिऱ्हाईक होते. हळदीचे व्यापारी, शेतीही मोठी. अत्यंत सज्जन माणूस. त्यांनी आधी डांब काढायला लावले. मग शेजाऱ्याचं दुमजली घर काढायला लावलं, "त्येचं घर आपल्या फोटूत कशाला हो?" ते काढलं. मग बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाले, "डोंगूर जरा उजवीकडं सरकवा की. मधी मोकळं मोकळं वाटतंय." मी डोंगर सरकवला. तो भिंतभर फोटो आजही त्यांच्या हॉलमध्ये आहे. त्याच हॉलच्या खिडकीतून खरा डोंगर दिसतो, त्याच्या जागेवर. आजवर आलेल्या एकाही पाहुण्याला फरक कळलेला नाही, अण्णांना तर नाहीच. ही गोष्ट मी चार लोकांत हसत सांगत असे.

आता विलासचं सांगतो.

विलास फौजेत होता. कृष्णाकाठच्या एका गावचा, गावाचं नाव मुद्दामच घेत नाही. अकरा वर्षांपूर्वी त्याचा लांबून कुठून तरी फोन आला. आवाज तुटत होता. "काका, घर बांधलंय, भिंतीला आमच्या रानाचा फोटू पायजे. आन् एक बारका माझ्यासाठी. हितं नुसता दगूड हाय बघा, दगूड आन् बर्फ. रान मोकळं दिसलं पायजे. आन् हीर यायला पायजे त्यात." हीर म्हणजे विहीर.

रान दाखवायला त्याचा धाकटा भाऊ संपत आला. वर्षभरापूर्वीच वडिलांनी, म्हणजे आबांनी, दोघांची वाटणी करून दिली होती. विहिरीकडचं रान विलासचं, बांधापलीकडचं संपतचं, विहिरीचं पाणी दोघांचं, पाळीपाळीनं. ऊस नुकताच तुटला होता. समोर विहिरीचा कठडा, त्यामागं काळीभोर जमीन, मग बांध, त्यापलीकडं संपतचं रान आणि शेवटी डोंगर. धूरही अगदी हवा तेवढा. तो फोटो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे. आहे की होता, ते आता ठरवता येत नाही.

मोठी फ्रेम विलासच्या हॉलमध्ये लागली. छोटी प्रत लॅमिनेट करून त्याला पोचली. त्याचा पुन्हा फोन आला. "काका, डूटीवरनं आलो की आधी त्योच बघतो. मग बूट काढतो." मी फोन ठेवून सुनंदाला हाक मारली आणि शब्दन् शब्द ऐकवला. पुढं वर्षानुवर्षं मी हे वाक्य लोकांना ऐकवलंय. प्रेरणेबद्दल तेव्हा लिहिलं असतं तर हेच वाक्य लिहिलं असतं.

या वर्षी तो रिटायर होऊन घरी आला आणि त्याच आठवड्यात त्याच्या रानातला ऊस तुटला. त्याची सुट्टी कायम गणपतीला असायची, त्यामुळे अकरा वर्षांत त्यानं आपलं रान उघडं असं बघितलंच नव्हतं. बघितला तो फक्त फोटो. चौथ्या दिवशी तो हॉलमधली फ्रेम उतरवून, जीपमध्ये घालून माझ्या स्टुडिओत आला. काउंटरवर ठेवली आणि विहिरीवर बोट टेकवलं.

"काका, हिरीपासनं बांध किती लांब हाय ह्यात?"

"दिसतोय बराच."

"ट्रॅक्टर-ट्रॉली वळंल का न्हाई?"

"वळेल."

त्यानं मोबाईलवरचा फोटो दाखवला. विहीर आणि बांधाच्या मध्ये जेमतेम बैलजोडी जाईल एवढी वाट. "संपतनं बांध सरकवलाय. सख्ख्या भावानं, काका. मी तिकडं बर्फात आन् हा हितं बांध कोरतोय." त्यानं सरकारी मोजणीचा अर्ज केला होता आणि पंपाच्या खोलीला कुलूप घातलं होतं. संपतची उसाची नवी लागण पाण्यावाचून बसली होती. भाऊ भावाशी बोलत नव्हता.

"संपत काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हंतोय बांधावर बाभळ हुती, बांध तिच्या बुडालाच हाय. तुमी फोटू काढला त्याच पावसाळ्यात पडली म्हणं, जळणाला गेली. आता ह्यात बघा, कुठाय बाभळ? खोटं बोलताना तरी माणसानं फोटू बघावा. तुमी फक्त रानात येऊन चार माणसांत सांगा, फोटू खरा हाय म्हणून. बास."

मी येतो म्हणालो. खरं तर एक गोष्ट मला तिथल्या तिथं माहीत होती. तो फोटो रुंद भिंगानं काढलेला आहे. त्या भिंगातून जवळची वस्तू मोठी दिसते, मागची लांब पळते. पाच पावलांचं अंतर वीस पावलांचं वाटतं. म्हणून तर फोटो असा मोकळा आलाय. पण हे सांगायचं म्हणजे आपल्याच चांगल्या फोटोला नाव ठेवायचं. मी फ्रेम उचलून त्याच्या जीपमध्ये ठेवायला गेलो.

तो गेल्यावर बाभळ डोक्यात घुसली. बाभळ होती का? मला आठवेना. डांब पुसल्याचं आठवत होतं, पाइपलाइन आठवत होती. मूळ फोटो शोधायला बसलो आणि लक्षात आलं की तो असणारच नाही. काम झालं की कच्चा माल पुसून टाकायचा, ही माझी जुनी सवय. जेवायला वाढताना आपण साली दाखवत नाही, तसं. शेवटी तयार फोटोच पडद्यावर मोठा करून डोंगराची कड बोटभर बोटभर तपासत गेलो. बांधाच्या बरोबर वर एक झुडूप दिसलं, वेड्यावाकड्या आकाराचं. त्याच्या शेजारी पुन्हा तेच झुडूप. तोच आकार, तीच तुटकी फांदी. डोंगराचा एक तुकडा उचलून मी शेजारी ठिगळ लावलं होतं. तिथं काहीतरी उंच उभं होतं, डोंगराच्या डोक्यात घुसलेलं, म्हणून मला खटकलं होतं. अकरा वर्षं ती फ्रेम हॉलमध्ये होती, एक प्रत माझ्या काचेच्या दारात होती. ते जुळं झुडूप कुणालाच दिसलं नव्हतं, मलाही.

सुनंदाला दाखवलं. ती म्हणाली, "मग तसं सांगा की जाऊन."

"सांगितलं तर पाटी उतरवावी लागेल."

"रंग उडालाय तिचा, तशीबी वाचता येत न्हाई."

मला तिचा राग आला, आणि तीच बरोबर आहे याचा जास्त आला. दोन दिवस मी काहीच केलं नाही. एकदा वाटायचं, फोटो म्हणजे काय सातबारा आहे? लोकांनी सुंदर मागितलं, मी सुंदर दिलं. एकदा वाटायचं, त्या पोरानं बूट काढायच्या आधी माझ्यावर विश्वास ठेवला. दोन्ही खरंच वाटायचं. अजूनही वाटतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिवई, कॅमेरा आणि तेच जुनं भिंग घेऊन रानात गेलो. विलास होता, गावातली दोन वयस्क माणसं होती. संपत बांधाच्या पलीकडं, त्याच्या हद्दीत उभा होता. मी काही न बोलता विहिरीजवळ, माझ्या आठवणीतल्या जागी कॅमेरा लावला आणि विलासला डोळा लावायला सांगितलं. त्यानं आत बघितलं, मान वर काढून बांधाकडं बघितलं, पुन्हा आत बघितलं. तीनदा तसं केलं.

"हिच्यायला," तो म्हणाला. "ह्यात ट्रॉली वळतीया की."

"भिंगाचा खेळ आहे, विलास. बांध तिथंच असावा. हातभर इकडं तिकडं झाला असेल तर ते मला सांगता यायचं नाही."

म्हातारी माणसं एकेक करून कॅमेऱ्यात डोकावून गेली. मला वाटलं, एवढ्यावर भागलं. पण विलास फौजेतला माणूस, अर्धी खात्री त्याला चालत नाही. तो म्हणाला, "भिंगाचं ऱ्हाऊ द्या. भिंग बाभळ गिळत न्हाई. ह्यो म्हंतोय बाभळ हुती. फोटूत न्हाई. मी रोज बघितलाय त्यो फोटू, डोळं मिटून काढून दाखवीन. हितं बाभळ नव्हतीच. एक सांगा काका, ह्यो खोटं बोलतोय का न्हाई?"

संपत माझ्याकडं बघत होता. फोटो काढला त्या सकाळी तो माझ्या शेजारीच तर उभा होता.

"संपत खरं बोलतोय," मी म्हणालो. "बाभळ मी काढली. फोटो चांगला दिसावा म्हणून."

मग त्यातला एक म्हातारा दुसऱ्याला म्हणाला, "माज्या फोटूतबी ह्येनीच हात चालवला असंल मग." तिथून ते फोन सुरू झाले.

विलास चिडला नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो विहिरीच्या कठड्यावर बसला आणि अगदी हळू म्हणाला, "मग मी अकरा वर्षं काय बघत हुतो, काका?"

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तुझंच रान बघत होतास, असं म्हणता आलं असतं. ते पूर्ण खोटं नव्हतं. पण मी खाली वाकून तिवईचे पाय मिटायला लागलो.

संपत तेव्हा पहिल्यांदा बांध ओलांडून अलीकडं आला. "दादा, आरं तू त्याच बाभळीवरनं पडलावतास की. हनुवटीला तीन टाकं पडलं."

"ती वढ्यावरची."

"वढ्यावर कवा हुती रं बाभळ? हीच ती. आबांनी तुला पाठुंगळी मारून न्हेला, मी मागनं रडत."

विलासचा हात हनुवटीकडं गेला. तिथं पांढुरका व्रण होता. तो त्यावरून बोट फिरवत राहिला आणि बांधाकडं, जिथं आता काहीच नव्हतं तिथं बघत राहिला. मग खिशातून पंपाच्या खोलीची किल्ली काढली आणि संपतच्या हातावर ठेवली. मोजणीचा अर्ज त्यानं मागं घेतल्याचं मला नंतर कळलं.

संपत किल्ली घेऊन गेला नाही, तिथंच उभा राहिला. विलासनं मला विचारलं, "ती परत घालता यील का फोटूत?"

"येईल. दहा मिनिटांचं काम आहे. कशी होती तेवढं सांगा." मी खिशातली वही आणि पेन्सिल काढली. एवढं तरी आपल्या हातून नीट व्हावं, असं मनापासून वाटलं.

"कशी हुती रं?" विलासनं भावाला विचारलं.

"हिरीकडं झुकल्याली."

"न्हाई न्हाई. पलीकडं झुकल्याली. मी पडलो त्यो तुझ्या रानात पडलो."

"तवा तुझं-माझं कुठं हुतं, दादा?"

विलास उठून बांधापर्यंत जाऊन आला. थोड्या वेळानं दोघांचं पुन्हा सुरू झालं, इकडं की तिकडं, आणि दोघंही ऐकेनात. शेवटी दोघं एकदमच माझ्याकडं वळले. "काका, तुमीच सांगा. तुमी तर निरखून बघितली असंल."

बघितली होती. त्या सकाळी तिवईमागं उभं राहून तासभर तिच्याकडं बघत होतो. नंतर दिवसभर तिची एकेक फांदी पडद्यावर मोठी करून पुसत होतो. त्या बाभळीला माझ्याइतकं जवळून कुणीच बघितलं नसेल. पेन्सिल हातात धरून मी त्या दोघांच्या मध्ये उभा राहिलो आणि ती कुठं झुकली होती, ते मला आठवलं नाही.